अनुकरण आणि अनुसरण : दोन शब्दांचा विचार

परमार्गात शब्दांना फार मोल आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मुखातून निघालेले वचन म्हाइंभटांनी लीळाचरित्रात जतन केले. त्याच वचनांतून केसोबासांनी सूत्रपाठ सिद्ध केला. आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या अन्वयकारांनी व भाष्यकारांनी एकेका पदाचा विचार केला. ज्या मार्गात वचन हेच प्रमाण, त्या मार्गात शब्दाचा अर्थ ढिला झाला की आचारही ढिला होतो. म्हणून वरवर पाहता समानार्थी वाटणाऱ्या, परंतु साधकाच्या दृष्टीने फार भिन्न असलेल्या दोन शब्दांचा येथे विचार कर्तव्य आहे. ते शब्द म्हणजे ‘अनुकरण’ आणि ‘अनुसरण’.

व्युत्पत्ती आणि शब्दाची ठेवण

दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘अनु’ हा उपसर्ग आहे. ‘मागून’, ‘पाठोपाठ’, ‘सारखे’ असे त्याचे अर्थ होतात. अनुताप म्हणजे मागून होणारा ताप; अनुवाद म्हणजे एकाने बोललेले मागाहून पुन्हा बोलणे; अनुज म्हणजे मागून जन्मलेला. अनुकरण शब्दात ‘अनु’ला ‘कृ’ धातू जोडला आहे. कृ म्हणजे करणे. तेव्हा एकाने जे केले तेच मागाहून तसेच करणे, हे अनुकरण. अनुसरण शब्दात ‘सृ’ धातू आहे. सृ म्हणजे जाणे, सरणे. तेव्हा एकाच्या मागोमाग जाणे, हे अनुसरण.

म्हणजे पहिल्या शब्दात दृष्टी कृतीवर आहे, दुसऱ्यात वाटेवर. अनुकरण करणारा पुढच्याचे हातपाय पाहतो. अनुसरणारा तो कोठे चालला आहे हे पाहतो. अनुकरण बसल्या जागी होऊ शकते. अनुसरणाला जागा सोडावी लागते.

मराठीच्या प्रयोगातही हा भेद स्पष्ट दिसतो. ‘अनुकरण’ या नामाला रूढ मराठीत स्वतःचे क्रियापद नाही. त्याला ‘करणे’ या क्रियापदाचा टेकू घ्यावा लागतो, आणि ज्याचे अनुकरण करावयाचे तो षष्ठी विभक्तीत येतो. ‘थोरांचे अनुकरण केले’ असे म्हणतात. येथे थोरांची एखादी वस्तू घ्यावी तशी त्यांची कृती घेतलेली असते. ‘अनुसरणे’ हे मात्र स्वतंत्र क्रियापद आहे. ‘देवाला अनुसरला’, ‘गुरूंना अनुसरला’ असा प्रयोग होतो. येथे घेण्याची क्रिया नाही, स्वतःला देण्याची आहे.

आणखी एक प्रयोग पाहावा. ‘आज्ञेला अनुसरून वागला’ हे वाक्य शुद्ध आहे. ‘आज्ञेचे अनुकरण केले’ हे वाक्य कानाला खटकते, आणि ते खटकणे योग्यच आहे. आज्ञेचे अनुकरण होऊच शकत नाही. अनुकरण दिसणाऱ्या कृतीचे होते. आज्ञा ऐकावी लागते, समजून घ्यावी लागते आणि मग स्वतःच्या देहाने पाळावी लागते. या एका प्रयोगभेदात पुढील सर्व विचाराचे बीज आहे.

लोकभाषेतील भावंडे

अनुकरणाच्या अर्थाचे अनेक शब्द लोकांच्या तोंडी आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. ‘नक्कल’ या शब्दात चेष्टेचा भाव येतो. ‘सोंग’ म्हणजे आत नसलेले बाहेर आणणे. बहुरूप्याचे सोंग निर्दोष असते, कारण पाहणाऱ्यास ते सोंग असल्याचे ठाऊक असते. साधूचे सोंग सदोष असते, कारण ते तेथे लपविलेले असते. ‘री ओढणे’ म्हणजे एकाने सूर लावला की त्यात आपला सूर मिळवीत राहणे. यात विचार नसतो. ‘गतानुगतिक’ म्हणजे पुढचा गेला म्हणून मागचा गेला; मेंढरांच्या कळपात हे नित्य दिसते. व्याकरणात ‘खळखळ’, ‘किणकिण’, ‘गडगड’ अशा शब्दांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. ते ध्वनीची छाया उचलतात, परंतु ‘खळखळ’ म्हटल्याने कोणाची तहान भागत नाही.

या सर्वांत एक शब्द मात्र आदराचा आहे. तो म्हणजे ‘कित्ता गिरविणे’. पूर्वी मुलास अक्षर वळणदार यावे म्हणून गुरुजी कित्ता घालून देत आणि मूल त्यावरून बोरू फिरवी. हेही अनुकरणच, पण त्याला मर्यादा आहे आणि हेतू आहे. कित्ता कायमचा गिरवावयाचा नसतो. हात वळला की कित्ता बाजूला ठेवून स्वतःच्या मनातील अर्थ लिहावयाचा असतो. जन्मभर कित्ताच गिरविणारा लेखक होत नाही. आणि कित्ता न गिरविताच लेखणी धरणाऱ्याचे अक्षर कोणास लागत नाही.

म्हणून अनुकरण सर्वथा त्याज्य आहे असे म्हणता येत नाही. ते कोठे योग्य, कोठे अयोग्य आणि कोठे ते थांबून अनुसरणास आरंभ झाला पाहिजे, हा खरा प्रश्न आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील तीन सूचना

श्रीकृष्ण चक्रवर्तींनी अर्जुनास सांगितलेल्या गीतेच्या तिसऱ्या अध्यायात या प्रश्नाला स्पर्श करणारी तीन स्थळे आहेत, आणि ती एकत्र वाचली तरच त्यांचा अभिप्राय ध्यानात येतो.

पहिले स्थळ २१ व्या श्लोकाचे. श्रेष्ठ पुरुष जसे आचरण करतो तसे इतर जन करतात, आणि तो जे प्रमाण मानतो त्यास लोक धरून राहतात, असा त्याचा भाव. येथे पुष्कळदा असे समजले जाते की, श्रेष्ठांचे अनुकरण करावे अशी ही आज्ञा आहे. वस्तुतः ती लोकांना दिलेली आज्ञा नाही. ते लोकस्वभावाचे वर्णन आहे, आणि त्यातून निघणारा उपदेश श्रेष्ठास आहे. तुझ्या मागे पाहणारे डोळे आहेत, म्हणून सांभाळून पाऊल टाक, असा तो इशारा आहे. तेथील क्रियापदही ‘अनुवर्तते’ असे आहे. त्यात ‘वृत्’ धातू आहे, ‘कृ’ नाही.

दुसरे स्थळ ३५ व्या श्लोकाचे. परधर्म उत्तम रीतीने पाळता आला तरी उणा असलेला स्वधर्मच श्रेयस्कर, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे दुसऱ्याची कृती कितीही सफाईने वठविली तरी ती आपल्या कल्याणाची होईलच असे नाही. अर्जुनापुढील प्रसंग हाच होता. युद्धभूमीवर त्याच्या मनात भिक्षान्न खाऊन राहण्याचा विचार आला. भिक्षा ही वस्तू वाईट नव्हे; परंतु तेव्हाची त्याची भिक्षावृत्ती वैराग्यातून आलेली नव्हती, ती शोकातून आलेली होती. ते संन्याशाचे अनुकरण झाले असते, संन्यास झाला नसता.

तिसरे स्थळ सहाव्या श्लोकाचे. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करीत बसणाऱ्यास तेथे ‘मिथ्याचार’ म्हटले आहे. बाह्य कृती हुबेहूब आणि आत विपरीत, हे अनुकरणाचे अखेरचे टोक होय.

तिन्हींचा मेळ असा बसतो : लोक पाहून शिकतात, म्हणून पुढे असणाऱ्याने जपावे, मागे असणाऱ्याने मात्र केवळ पाहून करू नये, आपला अधिकार ओळखावा, आणि बाहेरच्या साम्यात समाधान मानू नये.

दशम स्कंधातील तीन प्रसंग

श्रीमद्‌भागवताच्या दशम स्कंधात तर अनुकरणाचे तीन स्पष्ट प्रकार दाखविले आहेत.

तिसाव्या अध्यायात श्रीकृष्ण अंतर्धान पावल्यावर गोपी रानोमाळ त्यांचा शोध घेतात आणि शोधता शोधता त्यांच्या लीळांचे अनुकरण करू लागतात. कोणी पूतना होते, कोणी बाळकृष्ण होऊन तिचे स्तनपान करते. कोणी वस्त्र उंच धरून गोवर्धन उचलल्याचा भाव करते. तेथे क्रियापद ‘अनुचक्रुः’ असे आहे. म्हणजे अनु आणि कृ, प्रत्यक्ष अनुकरणच. पण त्याच ठिकाणी त्यांना ‘तदात्मिका’ म्हटले आहे. त्यांचा जीव श्रीकृष्णांच्या ठायी आधीच गुंतलेला होता आणि त्या गुंतण्यातून ते अनुकरण आपोआप उमटले. ते साधन नव्हते, ते वेधाचे कार्य होते. आणि तरीही त्या अनुकरणाने श्रीकृष्ण भेटले नाहीत. पुढे ३२ व्या अध्यायात, त्या दर्शनाच्या लालसेने आक्रंदून रडू लागल्या, तेव्हा ते प्रकट झाले. लीळा वठविल्याने दर्शन घडले नाही. आर्ती पराकोटीस गेल्यावर घडले.

तेहतिसाव्या अध्यायात परीक्षित राजाची शंका आणि शुकमुनींचे उत्तर आहे. सामर्थ्यवंतांनी केलेले असमर्थाने मनानेही करू जाऊ नये, असे तेथे सांगितले आहे. समुद्रातून निघालेले विष रुद्राने प्राशन केले म्हणून दुसरा कोणी ते पिऊ जाईल तर नाशच पावेल, हा दृष्टांत तेथेच आहे. मग करावे काय? त्याचेही उत्तर दिले आहे : त्यांचे वचन सत्य मानावे, आणि त्यांचे आचरण जेथे त्या वचनाशी जुळते तेवढेच बुद्धिमंताने आचरावे. वचन हे माप, आचरण हे मोजावयाचे. मापानेच मोजावे लागते.

सहासष्टाव्या अध्यायात पौंड्रकाची कथा आहे. करूष देशाच्या या राजास स्तुतिपाठकांनी फुगविले आणि तो ‘मीच वासुदेव’ म्हणू लागला. त्याने कृत्रिम शंख-चक्र घेतले, कौस्तुभ धारण केला, पीतांबर नेसला, ध्वजावर गरुड मिरविला. श्रीकृष्णांनी त्यास पाहिले तेव्हा तो रंगभूमीवरील नटासारखा दिसला आणि त्यांना हसू आले. साम्यात काही उणे नव्हते. उणे होते ते एवढेच की तो वासुदेव नव्हता. आणि येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. द्वेषाने का होईना, पण अखंड श्रीकृष्णांचेच चिंतन घडल्यामुळे त्याची बंधने तुटली, असे भागवतकार म्हणतात. म्हणजे त्याच्या पदरी जे काही पडले त्याचे श्रेय भागवतकारांनी चिंतनास दिले. कृत्रिम शंख-चक्राच्या वाट्याला हसूच आले.

गोपींचे अनुकरण प्रेमाचे, विष पिऊ जाणाऱ्याचे अज्ञानाचे, पौंड्रकाचे अहंकाराचे. कृतीचे नाव एक; परंतु मुळे तीन आणि फळेही तीन.

लीळा आणि वचन

हाच विवेक परमार्गात अधिक ठसठशीतपणे दिसतो. लीळाचरित्र उघडले की पानोपानी सर्वज्ञांचा पूजावसर, आरोगणा, विडा, पहुड, उपहुड यांचे वर्णन येते. बाइसा प्रेमाने मर्दना-मार्जने करतात, उत्तमोत्तम पदार्थ ओळगवितात. भक्तांच्या सेवेचा हा स्वीकार ही परमेश्वराची कृपाचेष्टा होय. परंतु त्याच सर्वज्ञांनी साधकास सांगितले ते काय? भिक्षा करून रूक्ष-स्निग्ध जे मिळेल ते भक्षावे, अटन करावे, विजनात बसावे, स्मरण करावे, विकार, विकल्प आणि हिंसा टाळावी. एखाद्या भिक्षूने सर्वज्ञांच्या आरोगणेचे अनुकरण करावयाचे म्हटले तर तो सर्वज्ञांच्याच आज्ञेचा भंग करील. येथे अनुकरण आणि अनुसरण केवळ भिन्न राहत नाहीत, ते परस्परांच्या आड येतात.

म्हणूनच लीळा ही करावयाची वस्तू नसून स्मरावयाची आहे. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण साधकास विहित आहे. चेष्टा स्मरावी, ती करून दाखवू नये.

अवतारांच्या परंपरेकडे पाहिले तरी हेच प्रत्ययास येते. द्वारावतीस श्रीचांगदेव राऊळ हाती सूप व खराटा घेऊन वाटा झाडीत आणि त्याच सूप-खराट्याने जीवांस विद्यादान करीत. त्यांच्यापासून शक्तिस्वीकार केलेल्या श्रीगोविंदप्रभूंनी हाती सूप-खराटा घेतला नाही. ते रिद्धपुरी वेड्यासारखे, बाळासारखे खेळत राहिले. त्यांच्यापासून शक्तिस्वीकार केलेल्या श्रीचक्रधर स्वामींनी ते वेड पांघरले नाही. त्यांनी गावोगाव परिभ्रमण करून निरूपण केले. तिघेही परमेश्वर अवतारच. परंतु एकाची चेष्टा दुसऱ्याने घेतली नाही.

भटोबासांचा आदर्श

याविषयी सर्वांत बोलके चरित्र नागदेवाचार्यांचे, म्हणजे भटोबासांचे आहे. सर्वज्ञांचे गमन झाल्यावर भक्तजन रिद्धपुरी श्रीप्रभूंच्या सन्निधानी आले. श्रीप्रभूंची चर्या अलौकिक. ते कोणाच्याही घरात शिरत. उच्च-नीच, स्पृश्यास्पृश्य असा भेद त्यांच्या ठायी नव्हता. कधी रुसत, कधी हसत, कधी कोणाच्या मडक्यात हात घालीत. रिद्धपूरचे लोक त्यांस आई-बाप मानीत. भटोबासांनी ही चर्या वर्षानुवर्षे जवळून पाहिली. अनुकरणच करावयाचे असते तर याहून सोपे काय होते? वेड पांघरण्यास फार विद्या लागत नाही. परंतु भटोबासांनी श्रीप्रभूंच्या एकाही चेष्टेची छाया अंगावर घेतली नाही. त्यांनी सेवा केली, आज्ञा सांभाळली, लीळा ध्यानात ठेवल्या. म्हाइंभटांनी त्या विचारून विचारून लिहून घेतल्या, आणि त्यामुळे आज त्या सर्वांस उपलब्ध आहेत.

पुढे आचार्यपद आल्यावर भटोबासांनी ‘मी सर्वज्ञांसारखा’ असे कधी दाखविले नाही. सर्वज्ञांनी मराठीत निरूपण केले होते. केसोबासांसारखे विद्वान संस्कृतात रचना करू लागले तेव्हा भटोबासांनी त्यांस थांबविले; मार्गातील साध्यासुध्या स्त्रिया व म्हाताऱ्या त्यामुळे ज्ञानास मुकतील, हे त्यांचे कारण होते, असे स्मृतिस्थळ सांगते. येथे भटोबास सर्वज्ञांच्या मराठीची नक्कल करीत नाहीत. सर्वज्ञांनी मराठी का स्वीकारली ते कारण ओळखतात आणि त्या कारणाला धरून निर्णय देतात. यास अनुसरण म्हणतात. कृती उचलणे सोपे. कृतीमागील करुणा उचलणे कठीण.

मार्गात ‘अनुसरले’ हा शब्द सर्वस्व त्यागून परमेश्वराच्या आश्रयास आलेल्याविषयी योजला जातो. हा शब्द निवडणाऱ्यांनी ‘अनुकरण’ शब्द टाकून तो घेतला, हे ध्यानात घ्यावे. आधी वेध, मग बोध, मग अनुसरण. वेधावाचून वेष घेतला तर ते अनुकरण झाले. बोधावाचून व्रत घेतले तर तेही अनुकरण झाले.

अवधूताचे चोवीस गुरू

अनुकरण नको म्हणजे दुसऱ्याकडून काही घेऊच नये असे नव्हे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदु राजास आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. भास्करभट्ट बोरीकरांच्या उद्धवगीतेमुळे हा स्कंध मार्गात विशेष परिचित आहे. पृथ्वीपासून क्षमा, वायूपासून अलिप्तता, समुद्रापासून गांभीर्य अवधूताने घेतले. पण त्याच यादीत पतंग आहे, हत्ती आहे, हरिण आहे, मासा आहे, कपोत आहे. हे सर्व गुरूच. परंतु पतंगासारखे दिव्यावर झेपावण्यास अवधूत सांगत नाही. रूपाच्या मोहाने पतंग जळाला, स्पर्शाने हत्ती अडकला, नादाने हरिण बांधला गेला, जिभेने मासा गळास लागला, आणि कुटुंबाच्या आसक्तीने कपोत जाळ्यात शिरला. हे पाहून त्याने काय टाळावे ते जाणले. गुरू म्हणजे अनुकरणाचा नमुना असाच अर्थ असता तर ही यादी अर्थहीन झाली असती.

अजगराचे उदाहरण तर फार सावधपणे घ्यावयाचे आहे. अजगर पडून राहतो, जे येईल ते भक्षितो. अवधूताने त्यापासून यदृच्छालाभसंतोष घेतला. केवळ अनुकरण करणारा मात्र त्यापासून आळसच घेईल. एकाच अजगरापासून एक संतोष शिकतो आणि दुसरा झोप शिकतो. भेद अजगरात नाही, घेणाऱ्यात आहे.

अनुकरण कोठवर पोहोचते

नाट्यशास्त्राच्या टीकाकारांतही या शब्दावर मोठा वाद झाला आहे. रस म्हणजे नटाने केलेले स्थायीभावाचे अनुकरण, असे शंकुकाचे मत होते. अभिनवगुप्ताने व त्यापूर्वी त्याच्या गुरूंनी, भट्टतौतांनी, त्यावर आक्षेप घेतला. अनुकरण करावयाचे तर मूळ वस्तू पाहिलेली हवी. रामाचा शोक कोणत्या नटाने पाहिला आहे? नट वेष घेईल, अश्रू आणील, कंठ दाटवील. पण हे सर्व शोकाचे बाह्य चिन्ह आहे, शोक नव्हे. चित्तवृत्ती अनुकरणाच्या हाती लागत नाही.

हा वाद साहित्याचा असला तरी साधकास उपयोगी आहे. एखाद्या ज्येष्ठ महात्म्यांची शांती पाहून कोणी त्यांचे मौन घेतो. मौन हाती आले, शांती आली नाही. त्यांचा अनुताप पाहून त्यांची खाली गेलेली मान घेतली. मान खाली झाली, अंतःकरण तसेच राहिले. अनुताप हा स्वतःच्या दोषाचा स्वतःस होणारा ताप होय. तो दुसऱ्याचा पाहून आणता येत नाही.

अनुकरण कोठे भूषण आहे

एका ठिकाणी मात्र मार्गाने हुबेहूब अनुकरणासच भूषण मानले. ते म्हणजे पोथीची प्रत उतरविणे. सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत ग्रंथ जपले गेले, आणि लेखकाने स्वतःची बुद्धी मध्ये न आणता जसे आहे तसे उतरावे अशी अपेक्षा असे. लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाल्यावर हिराइसांसारख्यांच्या मुखोद्गत पाठावरून ते पुन्हा उभे राहिले. एखादी लीळा दोघांनी वेगवेगळी सांगितली तर एकाचे खोडून दुसऱ्याचे ठेवले नाही. ‘एकी वासना’ अशी नोंद करून दोन्ही पाठ राखले. येथे स्वतःची भर घालणे हा दोष, आणि तंतोतंत उतरणे हाच धर्म.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे नियम स्पष्ट होतो. वचन जसेच्या तसे ठेवावे. त्यात काडीचाही बदल करू नये. आचरण मात्र दुसऱ्याचे जसेच्या तसे उचलू नये; ते त्या वचनाला धरून, आपल्या अधिकाराप्रमाणे घडवावे. पुष्कळदा उलटे होते. वचनात स्वतःचे मत मिसळले जाते आणि आचरण मात्र शेजाऱ्याचे हुबेहूब घेतले जाते.

साधकास व वासनिकास उपयोग

नवदीक्षित साधक ज्येष्ठांच्या सहवासात राहतो. उठणे, बसणे, दंडवत, भिक्षेची रीत, पोथी धरण्याची रीत तो पाहून शिकतो. हा कित्ता होय आणि तो अवश्य गिरवावा. परंतु ज्येष्ठ महात्मे गुडघ्याच्या व्यथेने हळू चालतात म्हणून तरुणाने हळू चालणे हे वैराग्य नव्हे. ज्येष्ठ एखाद्यास कठोर बोलतात; त्या कठोरपणामागे वीस वर्षांचे वात्सल्य असते. शिष्य तो कठोर शब्द तेवढा उचलतो आणि वात्सल्य मागेच राहते. असा शब्द लागतो, पण घडवीत नाही.

वासनिकांसही हा विचार लागू आहे. एकाने थाटाने उपहार केला म्हणून दुसऱ्याने कर्ज काढून तेवढाच थाट करणे हे भक्तीचे अनुसरण नसून खर्चाचे अनुकरण आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सत्कार-मानासाठी व दंभाने केलेल्या तपास राजस म्हटले आहे. गावातील सर्व जण एखाद्या देवतेस नवस करतात म्हणून उपदेश घेतलेल्यानेही जाऊन यावे, ही गतानुगतिकता झाली. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वडील अन्य देवतेस जात नव्हते म्हणून मुलगा जात नाही, परंतु का जात नाही हे त्यास ठाऊक नाही. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर या चार पदार्थांचा भेद त्याने कधी ऐकला नाही. असा मुलगा मार्गात आहे असे दिसते. वस्तुतः तो वडिलांचे अनुकरण करीत आहे. वडील असेतोवर ते टिकेल. ज्या दिवशी कोणी ‘का?’ असे विचारील, त्या दिवशी त्याच्यापाशी उत्तर नसेल. परंपरा अनुकरणाने एक पिढी चालते. पुढे चालण्यास बोध लागतो.

तेव्हा प्रत्येक कृतीच्या आधी साधकाने आपणास तीन प्रश्न विचारावेत. हे वचनात आहे काय? हे माझ्या अधिकाराचे आहे काय? आणि कोणी पाहत नसते तरी मी हे केले असते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले तर ती कृती अजून अनुकरणाच्या कक्षेत आहे असे समजावे. त्यामुळे खिन्न होण्याचे कारण नाही. कित्त्यापासूनच आरंभ होतो. दोष आहे तो कित्त्यासच ग्रंथ समजण्यात.

कीटक आणि भृंगी

अवधूताच्या चोवीस गुरूंत शेवटी कुंभारमाशी येते. तिने घरात कोंडलेला कीटक तिचेच ध्यान करीत तिचे रूप पावतो, असा तो दृष्टांत आहे. त्या घरात प्रत्यक्षात माशीने घातलेल्या अंड्यातील अळी त्या कीटकावर पोसते, हे आजचे कीटकशास्त्र सांगते. परंतु दृष्टांत हा दार्ष्टांतिकासाठी असतो, जंतूंच्या शास्त्रासाठी नसतो, हे दृष्टांतपाठ वाचणाऱ्यास सांगावयास नको. येथे घ्यावयाचे ते एवढेच की, दृष्टांतातील कीटक पंख हलविण्याचा अभ्यास करीत नाही, माशीसारखा गुणगुणत नाही, तिच्यासारखी माती वाहून आणीत नाही. तो एका जागी राहतो आणि तिचे ध्यान करतो. रूप पालटते ते ध्यानाने.

सर्वज्ञांचे सन्निधान आज नाही. हा असन्निधानाचा काळ आहे. त्यांची चाल, त्यांचे हसणे, त्यांची दृष्टी पाहावयास मिळत नाही. म्हणून त्यांचे अनुकरण करू म्हटले तरी ते शक्य नाही. परंतु त्यांचे वचन आहे, आणि वचनाला अनुसरण्यास काळाचे अंतर आड येत नाही. भटोबासांना जे वचन होते तेच आजच्या साधकास आहे, आणि त्याला अनुसरण्याची वाटही तीच आहे.